चाळीस किलोबाइटांतली रापण

"आत्ते, अकरा बाइट उरले!"

गणपतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी मागच्या पडवीत पातोळ्यांसाठी हळदीची पाने पुसत बसले होते आणि माझा भाचा आतल्या काळोख्या खोलीतून लॅपटॉप तसाच हातात धरून बाहेर आला होता. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद माझ्या ओळखीचा होता. दहावीच्या निकालाच्या दिवशी तो असाच दिसला होता. मी "बरे झाले" म्हटले, त्याच्या आईने "आधी जेवायला ये" म्हटले आणि विषय तिथेच थांबला. रात्री मात्र ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. थोड्या वेळापूर्वीच मी माटवीला बांधलेल्या कवंडळांचा आणि सुपारीच्या घडांचा एक फोटो काढला होता आणि फोनने तो चाळीस-पंचेचाळीस लाख बाइटांत निमूट साठवून ठेवला होता. पुण्यात चांगल्या कंपनीत नोकरी करणाऱ्या, रोज अशा कोट्यवधी बाइटांशी व्यवहार असणाऱ्या मुलाला अकरा बाइट शिल्लक राहिल्याचा एवढा हर्ष का व्हावा, हा प्रश्न मला विसर्जनापर्यंत पुरला.

त्याने केला आहे तो एक छोटा खेळ. फोनवर किंवा आजच्या संगणकावर खेळायचा नव्हे. आम्ही लहानपणी ज्याला नुसते 'व्हिडिओ गेम' म्हणत असू, त्या टीव्हीला जोडायच्या खोक्यासाठी केलेला. खेळाचा विषय रापण आहे, म्हणजे समुद्रात सोडलेले लांब जाळे दोन्ही टोकांनी किनाऱ्यावर ओढून आणायची मासेमारी. रापण कशी लावतात हे इथल्या वाचकांना मी सांगायला नको, पण खेळात ती कशी उतरली आहे ते सांगण्यासारखे आहे. पडद्याच्या वरच्या बाजूला समुद्र आहे, खाली पुळण आहे आणि जाळ्याची दोन टोके दोन खेळणाऱ्यांच्या हाती आहेत. दोघांनी आपापला दोर ओढत एकमेकांकडे सरकायचे. एकाने घाई केली आणि दुसरा मागे राहिला, तर जाळे एका अंगाला कलते आणि त्या बाजूने मासे निसटतात. एकमेकांना हरवायचे नाही. दोघांची ओढ जुळली तरच मासळी किनाऱ्याला लागते. शेवटी जे मिळेल त्याचे वाटे पडतात. इतकाच खेळ. एक डाव काही मिनिटांत संपतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावासा वाटतो.

तो खोका आमच्या घरी आला तो नव्वदच्या दशकात. मुंबईत नोकरीला असलेले आमचे काका गणपतीला एसटीने येताना माझ्या धाकट्या भावासाठी तो घेऊन आले होते. जपानमध्ये निन्टेंडोने १५ जुलै १९८३ रोजी फॅमिकॉम बाजारात आणला, त्याची ती कुणीतरी कुठेतरी बनवलेली नक्कल होती, हे आम्हांला कळायला बरीच वर्षे जावी लागली. आमच्या लेखी तोच अस्सल होता. सोबत एक पिवळी कॅसेट होती, तिच्यावर ९९९९ खेळ असल्याचे छापले होते आणि आत मोजके खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येत होते. टीव्हीच्या बटणाने चॅनेल जुळवताना आधी नुसत्या मुंग्या दिसायच्या, मग त्या मुंग्यांतून मारिओची निळी पार्श्वभूमी वर यायची आणि भाऊ ओरडायचा, "थांब, थांब, हात काढू नको!" आमचा टीव्ही काळा-पांढरा होता, त्यामुळे ती पार्श्वभूमी निळी असते हे आम्हांला शेजारच्या वाडीत रंगीत टीव्हीवर खेळायला गेल्यावर समजले.

घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर. खारी हवा लोखंडी कड्या-कोयंडे खाते, रेडिओच्या तारा खाते आणि कॅसेटच्या खालच्या पट्टीवरचे सोनेरी दातही खाते. पावसाळा संपेपर्यंत त्यांच्यावर हिरवट पूट चढायचे. मुले फुंकर मारायची, पण फुंकरीतला दमटपणा त्या दातांना आणखी खराब करतो. खरा उपाय खोडरबराचा. माझ्या कंपासपेटीतला रबर भाऊ घेऊन जायचा आणि तो काळाहिरवा होऊन परत यायचा. त्या रबराला येणारा तांब्याचा, खारट वास अजून माझ्या नाकात आहे. खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती आणि वीज कधी जाईल याचा नेम नव्हता. कितीही पुढे गेलेला डाव एका क्षणात नाहीसा व्हायचा, कंदील पेटायचा आणि भाऊ काळोखात रिमोट हातात धरून बसून राहायचा.

पुढे तो खोका माळ्यावर गेला. भाच्याला तो तिथेच सापडला.

हे यंत्र किती लहान आहे ते त्याने मला समजावून सांगितले तेव्हा मी खरोखर थक्क झाले. त्याची काम करण्यापुरती स्मृती २ किलोबाइट. साध्यातल्या साध्या कॅसेटमध्ये खेळाच्या आज्ञांसाठी ३२ किलोबाइट जागा, म्हणजे ३२,७६८ बाइट, आणि चित्रांसाठी ८ किलोबाइट. सगळे मिळून ४०. सारी चित्रे ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकटींनी बनलेली. १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स याच ४० किलोबाइटांत बसवलेला आहे, आणि तो बसवताना आकाशातल्या ढगांचा आणि जमिनीवरच्या झुडपांचा आकार एकच ठेवून फक्त रंग बदलले आहेत. एवढी वर्षे तो खेळ पाहूनही हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आले नव्हते. भाच्याने दाखवल्यावर माझा भाऊ बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "आता ढग बघितला की झुडूपच दिसणार."

हलणाऱ्या आकृत्यांची गोष्ट तर आणखी अडचणीची. यंत्र एका वेळी अशा ६४ चौकटी हलवू शकते, पण पडद्याच्या कोणत्याही एका आडव्या ओळीत आठांहून अधिक दाखवू शकत नाही. नववी आली की ती काढलीच जात नाही. आता रापणीचा शेवट डोळ्यांपुढे आणा. जाळे जवळ येते, दोन्ही टोके मिळतात आणि मासळी मधल्या पिशवीत एकाच ओळीत दाटते. नेमक्या त्या घटकेला, खेळातल्या सगळ्यात महत्त्वाच्या घटकेला, मासे गायब होऊ लागले. यावर जुना उपाय असा, की प्रत्येक चित्रात आकृत्यांचा क्रम बदलत राहायचा; मग कुणी एक कायमचा नाहीसा होत नाही, सगळेच थोडे थोडे लुकलुकतात. जाणकार खेळ करणारे हे लुकलुकणे कमीत कमी दिसावे म्हणून झटतात. भाच्याने ते तसेच ठेवले आहे. जुन्या काचेच्या टीव्हीवर त्याचे बांगडे शेवटच्या ओढीला चमकून उठतात, क्षणभर दिसतात, क्षणभर दिसत नाहीत. उथळ पाण्यात आलेले खरे जाळे ज्याने पाहिले आहे, त्याला ते पाहून काही वेगळे सांगावे लागत नाही. यंत्राची मर्यादा इतक्या अचूक जागी कामाला लावलेली मी दुसरीकडे क्वचितच पाहिली आहे, आणि हे मी आत्याच्या मायेने म्हणत नाही.

रंगांनी मात्र त्याला फार छळले. पार्श्वभूमीचा प्रत्येक १६ बाय १६ ठिपक्यांचा तुकडा तीन रंगांचा एकच संच वापरू शकतो, असे संच चार, आणि तळाचा एक रंग सगळ्यांना सामाईक. यंत्राजवळचे सगळे रंग मोजले तरी पन्नास-पंचावन्नच भरतात आणि त्यांत आमची लाल माती नाही. विटकरी आहे, तपकिरी आहे, एक नारिंगीकडे झुकणारा आहे. जांभ्याचा, पहिल्या पावसात भिजलेल्या चिऱ्याचा रंग नाही. लॅपटॉपवर तो महिनोन्महिने हे रंग लावून पाहत होता. मग माळ्यावरच्या खोक्यासाठी त्याने कुणाच्या तरी घरून जुना रंगीत टीव्ही मिळवला, आणि त्यावर जो तपकिरी रंग त्याने नाइलाजाने ठेवला होता तोच लाल मातीचा होऊन समोर आला. कारण हे यंत्र रंग ठरवून देत नाही, टीव्हीला थेट संकेत पाठवते. त्या संकेताचा रंग शेवटी टीव्हीच ठरवतो. त्यामुळे त्याची माती अजूनही फक्त त्या एका टीव्हीवर खरी दिसते. त्याला याचे वाईट वाटत नाही. मला थोडे वाटते, कारण त्या टीव्हीची नळी कधीतरी जाणार आहे.

वेगाची गोष्ट मला सगळ्यांत जिव्हाळ्याची वाटते. जपान-अमेरिकेतले टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवत, आपल्याकडचे ५० वेळा. ते खेळ आपला वेळ या चित्रांवरच मोजत असत. त्यामुळे आपल्या टीव्हीसाठी बनवलेल्या खोक्यांवर सगळे एकषष्ठांशाने संथ चाले; मारिओ हळू धावे आणि त्याचे संगीतही हळू वाजे. स्वर जवळजवळ तेच, लय मात्र उतरलेली. भाच्याने लॅपटॉपवर मूळ वेगाचा मारिओ लावला तेव्हा माझा भाऊ लगेच म्हणाला, "हा फार घाईत आहे." त्याच्या बालपणाची लय वेगळी होती. टोकियोतल्या मुलाने जी धून ऐकली ती आमच्या माजघरात कधी वाजलीच नव्हती, आणि जी वाजली ती त्या मुलाने ऐकली नव्हती. भाच्याचा खेळ सुरू होताना एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत किती वेळ लागतो हे मोजून पाहतो आणि यंत्र कोणत्या जातीचे आहे ते ओळखतो. पण त्याची धून त्याने आपल्या बापाच्या लयीतच बांधली आहे. साठाच्या यंत्रावर ती मुद्दाम धीमी केली जाते.

अशा घरी केलेल्या खेळांना जगभर होमब्रू म्हणतात आणि ते करणारे लोक आपल्याला वाटतात त्याहून पुष्कळ आहेत. फॅमिकॉमसाठी अधिकृत परवान्याचा शेवटचा खेळ १९९४ मध्ये निघाला. यंत्राचे उत्पादन मात्र जपानमध्ये २००३ पर्यंत चालू होते. त्यानंतर जे झाले ते हौशी लोकांनी केले. यंत्र बनवणाऱ्यांनी त्यांना माहिती दिली नव्हती. त्यांनी खोके उघडले, कोणत्या आज्ञेला किती वेळ लागतो ते मोजले, सापडलेले लिहून ठेवले आणि पुढच्याच्या हाती दिले. २०१० मध्ये काही मंडळींनी फॅमिकॉमच्या चिपच्याच कुळातली ६५०२ ही चिप अक्षरशः उघडी केली, सूक्ष्मदर्शकाखाली तिचे फोटो काढले आणि तिच्यातले सुमारे साडेतीन हजार ट्रान्झिस्टर एकेक करून पडद्यावर पुन्हा चालते केले. जी वस्तू १९७५ साली २५ डॉलरला विकायला काढली होती, तिच्यावर इतकी वर्षे लोटल्यावर एवढे कष्ट कुणी का घ्यावेत, असे विचारणाऱ्याला मी काही सांगू शकणार नाही. पण त्या मंडळींविषयी माझ्या मनात मोठा आदर आहे.

प्रत्येक यंत्राचा हट्ट निराळा. १९७७ च्या अटारी २६०० मध्ये कामाची स्मृती अवघी १२८ बाइट. त्यात पूर्ण पडदा साठवायला जागाच नाही, त्यामुळे टीव्हीचा किरण ओळीवरून सरकत असतानाच त्या ओळीचे चित्र त्याला पुरवत राहावे लागते. अटारीने ते यंत्र १९९२ च्या सुरुवातीला बंद केले आणि १९९५ मध्ये एड फेडरमायर नावाच्या गृहस्थाने त्याच्यासाठी एडट्रिस हा नवा खेळ लिहिला. १९८२ च्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकावर ८ बाय ८ च्या एका चौकटीत दोनच रंग मावतात. हिरव्या झाडापुढून पिवळा माणूस गेला की झाडही पिवळे होते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तो परवान्याने भारतातही बनत होता. त्याचे खेळ खऱ्या ध्वनिफितीवर येत आणि त्याच्यासाठी आजही नवे खेळ लिहिले जातात. २०१९ मध्ये जर्मनीतल्या एका छोट्या चमूने मायक्रो मेजेस हा चार जणांनी एकत्र खेळायचा खेळ फॅमिकॉमच्या त्याच ४० किलोबाइटांत बसवून दाखवला. त्याच वर्षी निन्टेंडोच्या हातात धरून खेळायच्या गेमबॉयसाठी जीबी स्टुडिओ हे साधन विनामूल्य मिळू लागले, ज्यात चित्रे आणि घटना जोडत गेले की आज्ञा लिहायला न शिकताही खेळ उभा राहतो. भाच्याने ते साधन वापरून पाहिले होते आणि त्याला ते आवडलेही होते. रापणीसाठी मात्र त्याला एकेक आज्ञा स्वतः लिहायची होती.

त्या ६५०२ चिपचा आमच्या घराशी आणखी एक संबंध निघाला. १९८४ मध्ये सरकारने शाळांत संगणक नेण्याचा 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला आणि निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक दिले. पुढे माझे वडील विज्ञान शिकवत त्या शाळेतही असे एक यंत्र आले होते. त्याची खोली कुलपात असे, चपला बाहेर काढाव्या लागत आणि यंत्रावर आईने शिवलेले फुलाफुलांचे आच्छादन असे. अण्णा त्यावर मुलांच्या सहामाहीच्या गुणांची बेरीज करायला शिकले होते आणि एकदा मला त्यांनी पडद्यावर एक वर्तुळ काढून दाखवले होते. त्या यंत्रातही ६५०२ चीच चिप होती. अण्णांचे वर्तुळ, भावाचा मारिओ आणि भाच्याची रापण हे सगळे एकाच जातीच्या चिपवर चालले, हे भाच्याने सांगितल्यावर आई काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने अण्णांची जुनी वही आणून त्याच्या हातात दिली. त्यात त्यांच्या ठसठशीत अक्षरात आज्ञा लिहिलेल्या होत्या, ओळींना दहा, वीस, तीस असे क्रमांक दिलेले.

अक्षरांवरून आठवले. खेळात मराठी हवी हा त्याचा आग्रह होता. इंग्रजीचे एक अक्षर एका चौकटीत आरामात बसते. आपल्या अक्षराला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतो, आठ ठिपक्यांच्या उंचीत ते गुदमरते. त्याने एकावर एक दोन चौकटी घेतल्या. पार्श्वभूमीच्या २५६ चौकटींत समुद्र, पुळण, माड, होडी आणि जाळे बसवून जी जागा उरली तेवढ्यात पूर्ण बाराखडी येणे शक्य नव्हते, म्हणून जे शब्द लागतात तेवढ्यांचीच अक्षरे त्याने काढली. 'ओढा', 'थांबा', 'वाटे', 'रापण'. एक गोष्ट मात्र सहज जमून गेली. चौकटीला चौकट भिडलेली असल्यामुळे शिरोरेषा आपोआप अखंड होते. पडद्यावरचे ते चार-सहा शब्द मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला विलक्षण वाटले. भावाच्या सबंध लहानपणात त्या टीव्हीवर त्या खोक्यातून मराठीचे एक अक्षरही उमटले नव्हते.

वाट्यांचा भाग मी त्याच्या शेजारी बसून पाहिला. ६५०२ ला भागाकार येत नाही. गुणाकारही येत नाही. बेरीज येते, वजाबाकी येते आणि दुप्पट-निम्मे करता येते. मग मिळालेली मासळी वाट्यांत कशी घालायची? तो म्हणाला, वजा करत जायचे. एकूण माशांतून वाटेकऱ्यांची संख्या वजा करायची आणि प्रत्येकाच्या वाट्यात एक वाढवायचा. उरलेले मासे वाटेकऱ्यांहून कमी होईपर्यंत हेच पुन्हा पुन्हा. मी त्याला म्हटले, अरे, पुळणीवर हेच तर करतात. तिथे कुणी भागाकार करत नाही. वाळूत ढीग मांडतात आणि याच्यात एक, त्याच्यात एक, त्याच्यात एक, असे टाकत फिरतात, आणि शेवटी उरतील ते आलेल्या पोराटोरांना देतात. त्याने ऐकून घेतले आणि त्याच रात्री बदल केला. आता खेळात एकदम आकडा येत नाही. ढिगांवर एकेक बांगडा पडत जातो, प्रत्येक वेळी एक छोटा 'टप्' आवाज होतो, आणि उरलेले मासे कडेला उभ्या असलेल्या मुलाकडे जातात. चिप मुळात जे करत होतीच, तेच त्याने उघड्यावर आणले.

आईला हे सगळे पटते असे नाही. "ह्या कोण इकत घेतला?" असे तिने विचारले तेव्हा तो म्हणाला, "कोणी नाही, आजी. फुकटच ठेवलाय." तिने पुढे विचारले नाही, पण तिच्या मनातले मला कळले, कारण थोडे ते माझ्याही मनात आहे. विशीतला मुलगा सुट्टीत घरी येतो आणि काळोख्या खोलीत बसून राहतो. उमेदीची वर्षे, डोळे, झोप या कामात जाते. मी त्याला हे बोलून दाखवलेही. तो रागावला नाही. कंपनीत आपण ज्या कामाला हात लावतो ते हजारो तुकड्यांतले एक असते, म्हणाला. ते कुठे जाऊन बसते, कोण वापरते, का बिघडते, यातले पूर्ण असे काहीच आपल्याला माहीत नसते. "इथे मात्र, आत्ते, कुठल्या क्षणी आत काय चाललेय ते मला शेवटच्या बाइटपर्यंत माहीत असते." अकरा बाइटांच्या आनंदाचे उत्तर मला त्या वाक्यात मिळाले. पूर्ण घराचा कोपरा न् कोपरा ज्याने स्वतः झाडला आहे, त्यालाच कळते की अजून एवढीशी जागा मोकळी आहे. ती जागा त्याने रिकामी ठेवली नाही. या यंत्राच्या आवाजांत एक नुसत्या खरखरीचा आहे, ढोल-ताशे आणि स्फोट त्याच्यावरच वाजवतात. त्या खरखरीचा चढ-उतार सांगणारे काही आकडे त्याने तिथे भरले आणि पुळणीवर फुटून मागे सरणाऱ्या लाटेचा आवाज आला. तोवर समुद्र मुका होता.

खेळ फार लोकांनी घेतला नाही. जे घेऊन गेले त्यांतल्या एकाने दक्षिण ब्राझीलमधून लिहिले, की आमच्याकडे सांता कातारिनाच्या किनाऱ्यावर टाइन्या नावाच्या मासळीसाठी असेच जाळे लावतात, सगळा गाव ओढायला येतो आणि हा खेळ मी माझ्या वडिलांबरोबर खेळलो. ते पत्र भाच्याने आम्हांला मराठीत वाचून दाखवले. आईने विचारले, "त्यांचो मासो केवढो असता?" त्याने तिला फोनवर टाइन्याचे चित्र दाखवले. तिने ते निरखून पाहिले आणि मासा ताजा असल्याचा निर्वाळा दिला.

विसर्जनानंतर वाडीतले तात्या आले. त्यांचे सगळे आयुष्य रापणीवर गेले आहे. भाच्याने त्यांच्या हाती एक रिमोट दिला, दुसरा माझ्या भावाने घेतला. तात्यांना बटणे कळायला वेळ लागला नाही. त्यांनी जाळे ओढले, दोन्ही टोके जुळली, ढीग पडले. तात्या म्हणाले, "बरो आसा. पण चुकलंस." मग त्यांनी सांगितले ते असे. तुझ्या खेळात दोघांनी मिळून कितीही जोरात ओढले तरी चालते. खऱ्या रापणीत ते चालत नाही. "जाळा इतक्या जोरान वडलंस तर खालची दोरी उचालता, आणि खालसून मासो जाता." खालच्या दोरीला वजने असतात, ती तळाला घासत यायला हवी, वर बोये तरंगत असले म्हणजे सगळे ठीक असे समजू नये. जुळणे पुरेसे नाही, बेताने जुळायला हवे.

भाचा गप्प झाला आणि मी त्याच्या मनातला हिशोब वाचू शकत होते. वेग मोजायचा, मर्यादा ओलांडली की जाळ्याखालून मासे सोडायचे, ते दिसले पाहिजेत, त्यांचा आवाज हवा. साठ-सत्तर बाइट तरी लागणार आणि जागा तर संपलेली. वहिनी म्हणाली, तो कोपऱ्यातला माड काढून टाक. त्याने समजावले की चित्रांची जागा वेगळी असते, माड काढून आज्ञांना जागा मिळत नाही. मी म्हटले, शेवटची धून दोनदा वाजते, ती एकदाच वाजव. यावर माझा भाऊ एकदम म्हणाला, "धुनेला हात लावायचा नाही." बरीच वादावादी झाली. शेवटी असे ठरले की सर्वांत मोठा वाटा कोणत्या डावात मिळाला याची नोंद ठेवणारा भाग काढायचा. वीज बंद झाली की ती नोंद तशीही जाते आणि रापणीत असा विक्रम कुणी मोजत नाही. तात्यांना हे पटले. निघताना पायरीवर चप्पल घालता घालता ते भाच्याला म्हणाले, "फाल्या सकाळी पुळणीर ये. दोरी हातात धर. मगे काय ता लिही."

तो पहाटे गेला आणि ऊन चढल्यावर परतला. दोन्ही तळहात सोललेले होते, पँट गुडघ्यापर्यंत वाळूने भरलेली होती आणि हातातल्या पिशवीत त्याच्या वाट्याच्या तारल्या होत्या. आईने हळद लावून दिली. चहाही न घेता त्याने लॅपटॉप उघडला आणि ओढण्याच्या वेगाची जी मर्यादा त्याने रात्री अंदाजाने लिहिली होती ती निम्म्यावर आणली; निम्मे करायला या चिपला एक बाइट पुरतो. मग त्याने टीव्ही लावला, हळदीने पिवळ्या झालेल्या हाताने एक रिमोट स्वतः उचलला आणि दुसरा माझ्याकडे सरकवून म्हणाला, "आत्ते, बस. आणि घाई करू नको."